उलटं फिरणारं झाकण

चारठाणा,
३ सप्टेंबर १९९०

प्रिय मंजू,

तुझ्या आत्याआजीचे पोटभर आशीर्वाद. तुझं दोन पानी पत्र शुक्रवारी पोचलं. आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग तुला हवी ती गोष्ट. तुझ्या आईची, सुमनची, कंबर कशी आहे? महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक एकटीनं ओढल्यावर कंबर बोलणारच. ओवा आणि खडेमीठ फडक्यात बांधून तव्यावर गरम करायचं आणि त्यानं शेकायचं म्हणावं. तुझ्या बाबाचा खोकला थांबला का? बन्सीधरची बिडी थांबल्याशिवाय तो थांबायचा नाही, हे मी सांगितलं असं सांग. बायनावहिनीच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, डोळ्याची हिरवी पट्टी निघाली असेल. तिला सुईत दोरा ओवता येतो का ते कळव, म्हणजे ऑपरेशन साधलं की नाही ते मला कळेल. कपिला गाय व्यायली का? आणि तुझे आजोबा, माझे थोरले बंधू दत्तराव? त्याच्या गुडघ्याची मला लय काळजी आहे. सतरा तारखेला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर त्याला तुमच्या शाळेच्या स्टेजवर चढायचं आहे, खुर्चीत बसायचं आहे, शाल-नारळ घ्यायचा आहे. तोवर त्याला शिंकसुद्धा येऊ नये म्हणून मी इथल्या जुन्या देवळातल्या महादेवाला रोज बेल वाहते आहे. हे त्याला सांगितलंस तरी चालेल. बहिणीची माया म्हणून त्याला बरं वाटेल.

शाई फरफटली म्हणून तू पत्रात माफी मागितलीस. मागू नकोस. मी तुझी दोन्ही पानं खिडकीशी धरून निरखली. पहिल्या पानावरची शाई प्रत्येक ओळीत फरफटलेली आहे. दुसरं पान धुतल्यासारखं स्वच्छ, पण त्यावरची अक्षरं आज जन्मलेल्या वासरासारखी लडखडतायत. त्याविषयी मला तुझ्याशी बोलायचं आहे, पण ते शेवटी. आधी गोष्ट.

तू लिहिलंस की शाळेनं प्रत्येकाला घरातल्या एखाद्या वस्तूच्या शोधाची गोष्ट सांगायला लावलीय, आणि तुझ्या वाट्याला आपल्याच घरचं 'दत्तराव झाकण' आलंय, कारण त्याचा शोध लावणारे खुद्द पाहुणे म्हणून येणार. तू आजोबांना विचारलंस, तर ते म्हणाले, "सगळी हकीकत मनीला विचार, ती तिथंच होती." ती तिथंच होती. हे तीन शब्द मी तीनदा वाचले. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले. तुझ्या आजोबाला वाटतं, म्हातारी झालेली बहीण आहे, चार गोड ओळी लिहून देईल. बरं आहे. त्यानंच विचारायला सांगितलंय, तर मी सांगते. हो मंजू, मी तिथंच होते.

ती पस्तीस वर्षांमागची गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, झरीला, आले होते. माझा थोरला, तुझा दिगंबरकाका, तेव्हा सव्वा महिन्याचा. मला अंगावर दूध कमी यायचं. म्हणून गायीचं दूध तापवून, पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं त्याला पाजायचं. आमच्या आईनं एका गायीची धार त्याच्यासाठी वेगळी काढली होती. एका जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, पातेल्यात ते दूध चुलीमागं ठेवलेलं असायचं, आणि त्या पातेल्यावर आमच्या गल्लीतल्या एका बोक्याचा डोळा होता. हा बोका पिवळा, मानेनं जाड, एक कान फाटलेला. प्रत्येक घरातून आपला हिस्सा वसूल करूनच पुढं जायचा, म्हणून लोक त्याला तहसीलदार म्हणत. तहसीलदार यायचा, नाकानं झाकण सरकवायचा, माझ्या लेकराचं दूध प्यायचा आणि आमच्याच उंबऱ्यावर बसून मिशा पुसायचा. दिगंबर तिकडं भुकेनं टाहो फोडायलाय आणि हा इकडं डोळे मिटून ऊन खायलाय. एके दिवशी मी मुसळ उचललं. आईनं मागून हात धरला. म्हणाली, "मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर करून द्यावं लागतं. आपल्या घरात पितळेची वाटी धड न्हाई." मुसळ खाली ठेवलं, पण राग काही खाली ठेवता आला नाही. मारायचं नाही, आणि सोडायचंही नाही. अशा वेळी माणसाला डोकं चालवावं लागतं. तुझ्या भाषणात हे वाक्य घाल, मास्तरांना आवडेल.

मी काय काय केलं ते ऐक. पहिल्यांदा झाकणावर वरवंटा ठेवला. तहसीलदारानं तो ढकलला. वरवंटा दगडी फरशीवर पडला, फरशीला तडा गेला, लेकरू दचकून उठलं, आणि त्या गोंधळात त्यानं दूध संपवलंच. मग शिंक्याला टांगलं. तो उतरंडीवर चढला आणि तिथून अशी झेप घेतली की उतरंड, शिंकं, दूध, सगळं एकदम खाली. मग मी झाकण सुतळीनं करकचून बांधलं. तेव्हा तो हरला खरा, पण मीही हरले. उजव्या कडेवर रडणारं लेकरू घेऊन सुतळीची गाठ सुटायची कशी? दातानं सोडू लागले तर दिगंबरनं माझं नाक धरलं. त्या दिवशी मला कळलं की मला नेमकं काय पाहिजे. मांजराला दोन पायांनी उघडता येऊ नये, आणि आईला एका हातानं उघडता आलं पाहिजे. बस, एवढंच कोडं. पण ते सुटायला तीन आठवडे गेले.

उत्तर मला मानवतला मिळालं. दिगंबरला ग्राइपवॉटर आणायला मी आमच्या बापूंबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, बैलगाडीनं गेले होते. तिथल्या एका कापडाच्या दुकानात विजेचा दिवा होता. झरीत तेव्हा कंदिलाचंच राज्य. दुकानातला माणूस स्टुलावर चढून दिवा बदलत होता. त्यानं काचेचा गोळा वर नेला, दाबला, जरासा फिरवला, आणि हात काढला. गोळा पडला नाही. बापू म्हणाले चल, पण माझे पाय निघेनात. मी त्या माणसाला म्हटलं, भाऊ, जरा काढून दाखवता का. तो हसला, पण त्यानं दाखवलं. पितळी टोपणाला समोरासमोर दोन बारीक खुंट्या, आणि वरच्या खोबणीला दोन वाकड्या खाचा. खुंटी खाचेत शिरते, फिरवलं की कोपऱ्यात अडकते. तुझ्या घरातला बल्ब बंद करून बाबाला काढायला लाव आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तू एकटी स्टुलावर चढू नकोस.

घरी आल्यावर मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापला. बापूंचं जुनं खुरपं आणि एक दगड, एवढीच हत्यारं. पातेल्याच्या गळ्याला, दूध पोचत नाही इतक्या उंचावर, समोरासमोर दोन खिळे आतून बाहेर ठोकले. झाकणाला खाली वळणारा काठ केला आणि काठाला दोन खाचा पाडल्या. आधी सरळ पाडल्या, तर झाकण बसायचं पण तसंच वर यायचं. मग खाच वर गेल्यावर बाजूला वळवली, कोयत्याच्या टोकासारखी. झाकणाच्या माथ्यावर खिळ्यानं सात भोकं पाडली, कारण तापलेलं दूध कोंडलं तर नासतं. बोटं चार ठिकाणी कापली. मग लेकरू उजव्या कडेवर घेतलं, मोकळ्या हातानं झाकण ठेवलं, दाबलं, फिरवलं. अडकलं. मोकळ्या हातानं परत फिरवलं. निघालं.

दुपारी तहसीलदार आला. नाक लावलं, झाकण हलेना. पंजा लावला. दुसरा पंजा लावला. मग तो झाकणावर चढून बसला आणि भोकांतून येणारा दुधाचा वास घेत राहिला. मी चुलीपाशी बसून त्याच्याकडं बघत होते, तो माझ्याकडं बघत होता. शेवटी त्यानं तोंड वासून एकदा ओरडून घेतलं आणि उठून गेला. मंजू, त्या दिवशी दिगंबर पोटभर दूध प्याला. त्याला मांडीवर घेऊन मी इतकी हसले की आई म्हणाली, बाळंतीण वेडी झाली. मोठी माणसं तुला सांगतील, सूड वाईट असतो. असेलही. पण त्या दुपारची सुडाची चव मला अजून आठवते, आणि ती साय घातलेल्या दुधासारखी होती.

तुझा आजोबा तेव्हा परभणीच्या शाळेतून आठवीत नापास होऊन घरी बसला होता. त्यानं झाकण बघितलं आणि म्हणाला, "हे काय वेडाबाईचं झाकण केलंस? उलटं फिरतंय." त्यानं लावायला घेतलं तर त्याला ते बसेना. तीनदा प्रयत्न करून त्यानं पातेलं आपटलं. हे लक्षात ठेव.

तिसऱ्या महिन्यात मला सासरी, इथं चारठाण्याला, आणून सोडलं. पातेलं आणि झाकण माहेरीच राहिलं, कारण बाळंतिणीनं माहेरचं भांडं मागून न्यायचं नाही, दिलं तरच न्यायचं. दिवाळीला भाऊबीजेसाठी मी झरीला गेले. बैलगाडी मानवतच्या बाजारातून निघाली तेव्हा एका पालावर मी माझं झाकण बघितलं. एक नव्हे, पंधरा-वीस, पत्र्याची आणि पितळेची, पातेल्यासकट. तसेच दोन खिळे, तशाच वाकड्या खाचा, माथ्यावर तशीच सात भोकं. विकणारा ओरडत होता, "दत्तराव झाकन, बिल्ली का दुश्मन." मला आधी आनंदच झाला बघ. वाटलं, दादानं माझं काम चार घरांत पोचवलं. रस्ताभर मी मनात जुळवणी केली की घरी गेल्यावर त्याला काय काय सांगायचं. कडेला धरायला मूठ असती तर अजून बरं झालं असतं, असं काहीबाही.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी घातली. लुगडं नाही, पोलकं नाही. पितळेचं पातेलं, वर ते झाकण, आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आई, बापू, बायनावहिनी, शेजारच्या दोघीतिघी, सगळे बसलेले. माझा भाऊ मोठ्या मायेनं म्हणाला, "मने, तुझंच नाव घातलंय बघ त्याच्यावर."

आता मला तुला एक गोष्ट सांगायची आहे जी तेव्हा त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. मला वाचता येत होतं. दादाला शाळेत घातलं, मला भांडी घासायला लावलं. पण आपल्या लोकांत प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. राखेनं घासता घासता मी आईला विचारायचे, हे ताट कुणी दिलं, तो तांब्या कुणी दिला. ती सांगायची सटवाजीमामानं, सोनपेठच्या मावशीनं. आणि मी ठिपक्यांवरून बोट फिरवत मनात ताडून बघायचे की स असा असतो, म असा असतो. सगळी बाराखडी मी भांड्यांवरून शिकले. सांगितलं कुणालाच नाही, कारण मुलीला अक्षर आलं की ती चोरून चिठ्ठ्या लिहील असं तेव्हा म्हणत. तर त्या दिवशी ओवाळणीचं ताट हातात धरून मी झाकण वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'शोध लावणारे दत्तराव झरीकर'. माझ्या नावाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

भाऊबीजेची ओवाळणी परत करत नाहीत, भाऊ खोटा पडेल असं त्या दिवशी बोलत नाहीत. शिवाय बोलले असते तर मला वाचता येतं हे उघडं पडलं असतं. मी त्याच्या तोंडात साखर घातली. तो माझ्या डोळ्यांत बघून हसला, आणि मी मनात म्हणाले, दादा, मांजराला मारायचं नसतं, म्हणून मी झाकण केलं. तुला मारायचं नसतं, तर तुझ्यासाठी काय करावं लागेल ते बघते. इथं परत आल्यावर मी खडूचा तुकडा मिळवला आणि चुलीमागच्या भिंतीवर लिहायला शिकू लागले. वाचता मला आधीच येत होतं. लिहायला मी त्याच्यामुळं शिकले. म्हणजे हे पत्र त्याच्याच पुण्याईनं तुला आलं, हे विसरू नकोस.

तुझे मामाआजोबा, आमचे हे, म्हणायचे, भावाशी वैर कशाला, त्याचं त्याला लखलाभ. मला वैर नकोच होतं. दुकान नको होतं, पितळही नको होतं. मला माझ्या झाकणावर माझं नाव पाहिजे होतं, आणि तेव्हाही तेवढंच पाहिजे होतं, आताही तेवढंच पाहिजे. एकदाच मी तोंड उघडलं. आईच्या दहाव्याला सगळे भाऊबंद जमले होते, आणि कुणीतरी दादाच्या शोधाचं कौतुक काढलं. मी हळूच म्हणाले, दादा, आई गेली, आता तरी सांग ते कुणाचं होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नाव कुणाचं का असेना, घरातलं घरातच राहिलं न्हाई का?" ते अठ्ठ्याहत्तर साल. त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून आपल्या मराठवाड्यात माणसांची घरं जाळली होती. आमच्या गावच्या कडंच्या वस्तीतली दोन लेकरं मी आठ दिवस माझ्या ओसरीवर झोपवली होती. मी म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, असं त्यांच्या आईला जाऊन सांग." दादा हसून म्हणाला, "आता मनीबी राजकारण बोलायलीय." सगळे हसले. दहाव्याला लोक हसले, बघ. मी जेवणाचं पान वाढायला उठले.

पण मंजू, चोरानं कितीही काळजी घेतली तरी चोरीच्या मालाला एक खूण राहते. माझ्या झाकणाला ती पहिल्या दिवसापासून आहे. परभणी, जिंतूर, पाथरी, सगळीकडच्या बाया पस्तीस वर्षं कुरकुर करतात की हे झाकण बाकी छान, पण उलटं फिरतं. बाटलीचं बूच, तेलाच्या डब्याचं टोपण, तुझ्या घरचा बल्ब, सगळं बसवताना घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. एक दत्तराव झाकण तेवढं काट्यांच्या उलट. तुझ्या आजोबाला लोकांनी विचारलं की असं का, तर तो म्हणाला, मांजराला युक्ती कळू नये म्हणून मी मुद्दाम उलटं ठेवलं. जसं काही मांजर उजव्या हातानं वरणभात कालवून खातं.

खरं कारण कुणी ओळखलं ठाऊक आहे? लतीफभाई कल्हईवाल्यानं. मानवतला दादाची झाकणं तोच कापायचा. एकदा उन्हाळ्यात कल्हई करत तो आमच्या चारठाण्याला आला. मी त्याला ताक द्यायला पातेलं उघडलं, ताक ओतलं आणि झाकण परत लावलं. लतीफभाई भात्याची दोरी हातात तशीच धरून माझ्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, सोला बरस से मैं ये उलटा काट रहा. दत्तराव को बोला, सीधा काटूं क्या, तो डर गया, बोला जैसा हाय वैसाच काटो. आज समजा. ये झाकन उलटे हाथ का हाय. ये तुमारा हाय." त्यानं दोन्ही हात जोडले. मी चुलीच्या धुराचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावला. ज्याला आपली वस्तू का चालते हे कळत नाही, तो ती बदलायला भितो. तुझा आजोबा पस्तीस वर्षं माझी चूकसुद्धा जशीच्या तशी विकत आला, आणि ती चूक नव्हतीच. लतीफभाई मागच्या साली वारला. आता साक्षीला ते झाकणच उरलंय.

मी डावखुरी आहे, मंजू. जन्मापासून. जेवताना डावा हात ताटात गेला की दादा आईला ओरडून सांगायचा, "आई, मनी डाव्या हातानं जेवायलीय." त्याला चुगलीचा गुळाचा खडा मिळायचा आणि मला हातावर पळी. पाचव्या वर्षी आईनं माझा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला, वर्षभर. दुसऱ्यांसमोर मी सगळं उजव्यानं करायला शिकले. पण कडेवर लेकरू असताना, कुणी बघत नसताना, जो हात मोकळा राहिला तो माझा खरा हात होता, आणि त्या हातानं ते झाकण झालं. घरात हे माहीत असलेला आता एकटा दादाच उरलाय. म्हणून त्याला वाटलं की साक्षीला कुणी नाही, आणि झाकण बोलेल हे सुचलंच नाही.

आता माझं काम सांगते. आमच्या शेजारचा मुंजाजी मूग घेऊन दहा तारखेला मानवतच्या मोंढ्यावर येईल, तुझ्या बाबाला तिथं पाठव. त्याच्याबरोबर एक गाठोडं पाठवते आहे. त्यात ते भाऊबीजेचं पितळी पातेलं आणि झाकण आहे. पस्तीस वर्षं मी ते रोज घासलं, पण त्यावरचं नाव कधी घासून काढलं नाही. ते ठिपके अजून नवे असल्यासारखे चमकतात. सतरा तारखेला ते स्टेजवर टेबलावर ठेव. भाषणात तहसीलदाराची गोष्ट सांग, सोन्याच्या मांजराची सांग, बल्बची सांग, मुलं हसतील. माझं नाव घेऊ नकोस. आजोबावर आळ घेऊ नकोस. शेवटी फक्त हात जोडून म्हण, की आजोबा, एका हातानं हे झाकण लावून दाखवा. घरात आजवर ते वहिनीच लावते, हे मला तिनंच सांगितलंय. तो उजवा हात घालेल, सवयीनं उजवीकडं फिरवेल, आणि झाकण त्याच्या हातात वर येईल. एकदा येऊ दे, दोनदा येऊ दे. शाल खांद्यावरून घसरू दे. तिसऱ्यांदा आलं की तू पुढं हो आणि तुझ्या डाव्या हातानं ते लाव. एवढंच. मग हेडमास्तर विचारतील, मुलं विचारतील, हे असं का. त्याचं उत्तर आजोबाला देऊ दे. सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं. उंबऱ्यावर बसलेल्या तहसीलदारासारखं त्याचं तोंड बघायला मी तिथं नसेन, पण तू मला नीट वर्णन करून कळव, मिशांसकट.

तुझा डावा हात असं मी लिहिलं, आणि तू दचकली असशील की मला कसं कळलं. शाई अशी ओळीमागून ओळ फरफटते कुणाची? लिहिलेल्या अक्षरांवरून ज्याचा हात मागून सरकत जातो त्याची. माझी गेली तीस वर्षं फरफटते आहे, याच पत्रावर बघ. आणि दुसऱ्या पानावर ती अचानक थांबली, अक्षरं लडखडली, म्हणजे पहिलं पान झाल्यावर तुझ्या हातातलं पेन कुणीतरी काढून दुसऱ्या हातात दिलं. कोणी दिलं हे मला विचारावं लागत नाही. त्या घरात डाव्या हाताची चुगली करणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि आता तो पळीही स्वतःच मारत असेल. माझ्या नावासाठी मी पस्तीस वर्षं थांबले, अजून पस्तीस थांबले असते आणि कदाचित तशीच गेले असते. हे पत्र मी त्यासाठी लिहिलं नाही. त्या दुसऱ्या पानासाठी लिहिलं. स्टेजवर भीती वाटली तर पातेलं गाठोड्यातच राहू दे, मी रागावणार नाही. पण घरी कुणी हाताला हात लावला तर ते झाकण त्याच्यापुढं ठेव आणि म्हण, हा हात बांधला असता तर हे झालं नसतं. आईला, सुमनला, हे पत्र वाचून दाखव. बाकी सगळं बरं आहे. अठरा तारखेपासून मी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसेन, तेव्हा उत्तराला उशीर लावू नकोस. दोन ओळी लिही, चार लिही, पण तुझ्या त्या हातानं लिही, आणि शाई खुशाल फरफटू दे.

तुझीच,
मनकर्णा आत्याआजी